डाव्या बाजूनं काढलेली क्लिप

माझा संशयी स्वभाव वडिलांकडून आलाय, असं आई म्हणते. वडील भवानीनगरला साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. शिफ्ट सुटली की बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पिशवीकडं ते बघायचे नाहीत, तोंडाकडं बघायचे. "पिशवी खोटं बोलती, तोंड न्हाय," असं त्यांचं म्हणणं होतं. घरीही तेच. मी शाळेतून आले की आधी तोंडाकडं बघणार, मग दप्तर ठेव म्हणणार. असल्या घरात वाढलं की दोनच गोष्टी शिकता येतात, सरळ तोंडानं खोटं बोलायचं आणि दुसऱ्याचं तोंड वाचायचं. मी दोन्ही शिकले.

बारामतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या फिजिक्सच्या लॅबशेजारच्या हॉलमध्ये तीन मुलं गिटार आणि ड्रम घेऊन दुपारभर काहीतरी वाजवत बसायची. मी लहानपणी हार्मोनियम शिकले होते, त्यामुळं बेसूर ऐकलं की दात दुखल्यासारखं व्हायचं. एके दिवशी प्रॅक्टिकल सोडून मी दारात गेले आणि म्हटलं, "तुमची वरून तिसरी तार उतरलीय. आठवडाभर उतरलीय."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातला एक कोऱ्हाळे बुद्रुकचा होता, घरचा ऊस. वहीत गाणी लिहायचा, तीही घरी बोलतात त्या भाषेत. दुसऱ्याच्या वडिलांचा मार्केट यार्डात गुळाचा व्यापार होता. गिटार, अँप्लिफायर, वायरी, सगळं सामान त्याचं, आणि प्रॅक्टिसला गोदामाच्या वरची खोलीही त्याचीच. तिसरा ड्रमवाला. त्याच्या घरची बँजो पार्टी होती, लग्नाच्या वराती आणि मिरवणुका वाजवणारी. तो चालायला लागायच्या आधी वाजवायला लागला होता, असं त्याची आई सांगायची.

"बेस गिटार पडून हाय आमच्याकडं," कोऱ्हाळ्याचा म्हणाला. "वाजवायला कोण न्हाय. शिकशील का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. तीन मुलं, ओळख ना पाळख, आणि एका वाक्यात बँडमध्ये घेतात, याचा अर्थ काय? पुढच्या आठवड्यात मला तो कळला असं मला वाटलं. कँटीनमध्ये व्यापाऱ्याचा मुलगा कुणाला तरी सांगत होता, "पोरगी असली की लोकं थांबून बघत्यात रे." मला बघताच गप्प बसला. मी चहा घेतला, काही ऐकलंच नाही असं तोंड केलं आणि त्याच दुपारी प्रॅक्टिसला गेले. वाजवायचं तर मलाही होतंच. पण ते वाक्य मी आत कुठंतरी जपून ठेवलं, पुढं लागेल म्हणून.

गोदामाच्या वरच्या खोलीत भिंतींना आम्ही पोती ठोकली आणि द्राक्षाचे रिकामे पुठ्ठे चिकटवले. खाली गुळाच्या ढेपा. वास इतका गोड की घरी गेल्यावर आई माझे केस हुंगून म्हणायची, "कुठं होतीस?" मी म्हणायचे, मैत्रिणीकडं. खालच्या हमालांनाही आमचा भरवसा नव्हता. त्यातले एक तात्या एकदा जिना चढून आले, दारात उभे राहून खोलीभर नजर फिरवली.

"तुमी नक्की करता काय वर?"

"बँड हाय तात्या," ड्रमवाला म्हणाला.

"लग्नाचा?"

"न्हाय. आमचीच गाणी."

"मग लग्नात वाजवत न्हाय, तर वाजवता कशाला?" तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आन् ही?"

ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि शांतपणे म्हणाला, "ती वाजवती तात्या. बसा, ऐका." तात्या बसले नाहीत, पण त्यानंतर जिना चढूनही आले नाहीत. ड्रमवाल्याचं हे असं होतं. फार बोलायचा नाही. एसटी चुकली तर डेपोपर्यंत सोडायचा आणि बस हलेपर्यंत उभा राहायचा. हे सगळं मला तेव्हा दिसत होतं. पुढं मी ते हिशोबात धरलं नाही.

वर्षभरात आमची पाच गाणी झाली. त्यातलं एक कोऱ्हाळ्याच्या मुलानं त्याच्या आईवरून लिहिलं होतं. कालव्याचं आवर्तन सुटलं की शेताला पाणी पाळीनं मिळतं, आणि ती बाई बांधावर बसून आपल्या पाळीची वाट बघतेय. गाण्याची ओळ अशी होती:

बारा दिस झालं, माझी पाळी आली न्हाय,
वरच्या अंगाचं पानी खाली वळत न्हाय.

या ओळीत काय आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं. कुठल्याही मुलीला कळेल. पण त्यांच्या गावात दिवसभर हा शब्द पाण्यासाठीच वापरतात आणि गाणं तो स्वतः म्हणायचा, घोगऱ्या पुरुषी आवाजात, त्यामुळं ते पाण्याचंच वाटायचं. मी खाली बेस वाजवत राहिले.

कॉलेजच्या गॅदरिंगला तीन दिवस असताना तो म्हणाला, "माझा घसा बसलाय. हे तू म्हण."

मी त्याच्याकडं पाहिलं. सकाळीच मी त्याला कँटीनमध्ये कुणाला तरी मोठ्यानं हाक मारताना ऐकलं होतं. घसा चांगला होता, की माझ्या कानांना चांगला वाटला? "दुसरं गाणं घेऊ," मी म्हटलं.

"का? हेच तर सगळ्यात चांगलं बसलंय."

का ते तीन मुलांसमोर सांगायला माझं तोंड उघडेना. सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी म्हटलं, "बरं."

घरी सांगितलं, संध्याकाळी प्रॅक्टिकल आहे, उशीर होईल. अण्णांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि "जा" म्हणाले.

मैदानावर मांडव, समोर हजारभर पोरं. आमची दोन गाणी बरी गेली. तिसरं हे. मी माइकसमोर आले आणि पहिली ओळ म्हटली. अर्धा सेकंद काहीच झालं नाही. मग मागच्या रांगांतून एक हसणं उठलं आणि लाटेसारखं पुढं आलं. कुणीतरी ओरडलं, "डॉक्टरकडं जा!" शिट्ट्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेत प्राध्यापक खाली बघत बसले होते. माझी बोटं वाजवत राहिली, कारण मागं ड्रम थांबला नव्हता. ड्रमवाल्यानं उलट ठेका जोरात केला, मला मागून ढकलल्यासारखा. मी दुसरं कडवं म्हटलं. तिसरं म्हटलं. त्यात बाई बांधावरून उठते आणि वरच्या अंगाच्या शेतवाल्याला जाब विचारते. तिथं येईपर्यंत हसणं विरलं होतं. शेवटी टाळ्या पडल्या, पुढच्या मुलींनी आधी वाजवल्या. मी खाली उतरले तेव्हा मला वाटत होतं की निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिप आली. एकोणीस सेकंदांची. ती ओळ, हसणं, डॉक्टरवाला आवाज, माझं पांढरं पडलेलं तोंड, आणि संपली. दुसरं कडवं नाही, टाळ्या नाहीत. दुपारपर्यंत ती वर्गातल्या प्रत्येकाकडं होती. संध्याकाळी मावशीचा फोन आला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अण्णा तर काहीच बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त खटकलं. ज्यांनी आयुष्यभर दप्तराच्या आधी तोंड पाहिलं, ते आता माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गिटार जड आसती. मी फाट्यापर्यंत सोडत जाईन." आणि रोज स्कूटरवर सोडायला लागले. मला वाटलं, पाळत ठेवतायत. नाहीतर कुठंतरी स्थळ ठरवतायत आणि तोवर गोड बोलतायत. मी आईचं कपाटसुद्धा तपासलं, कुणाचा बायोडेटा सापडतो का ते बघायला.

मग मी क्लिप बघत बसले. शंभरदा पाहिली असेल. माझी डावी बाजू दिसत होती, बेसचा दांडा, आणि कोपऱ्यात ड्रमची पितळी झांज अर्धी आडवी आलेली. म्हणजे ती समोरून काढलेली नव्हती. स्टेजच्या डाव्या बाजूला, ड्रमच्या मागं कनातीला लागून एक जागा होती, तिथून काढलेली. तिथं सगळ्यांना सोडत नव्हते. बँडवाल्यांना दोन-दोन पास मिळाले होते, तेवढीच माणसं. माझे पास मी कुणालाच दिले नव्हते. म्हणजे ती आमच्यातल्याच कुणाच्या तरी माणसानं काढली होती.

मी कुणाला काही बोलले नाही. विचारताना मात्र साधं, सहज विचारायचे. व्यापाऱ्याच्या मुलाचे दोन मित्र आले होते, पण ते समोर बसले होते, फोटोत दिसत होते. कोऱ्हाळ्याच्या मुलानं पास दिलेच नव्हते, असं तो म्हणत होता. ड्रमवाल्याचा चुलतभाऊ मात्र तिथंच उभा होता, कनातीजवळ. मी स्वतः त्याला पाहिलं होतं.

"तुझ्या भावानं काढलं का काही शूटिंग?" मी एकदा ड्रमवाल्याला विचारलं.

"त्येच्या फोनचा कॅमेरा फुटलाय," तो म्हणाला. "सा महिने झालं."

हे उत्तर मला फार तयार वाटलं.

गंमत अशी की त्या क्लिपनंच बँड चालला. कुणीतरी पुण्यातून फोन केला, पूर्ण गाणं आहे का? आम्ही व्यापाऱ्याच्या मुलाच्या ओळखीनं पुण्यात एका स्टुडिओत ते रेकॉर्ड करून नेटवरच्या बँडच्या पानावर टाकलं. गाणं मीच म्हटलं. पहिल्या महिन्यात शिव्या आल्या, दुसऱ्या महिन्यात बोलावणी. पुण्यात एका छोट्या कॅफेत वाजवलं, मग नाशिक, कोल्हापूर, एकदा मुंबई. कोल्हापूरला कार्यक्रमानंतर हॉस्टेलच्या सातआठ मुली माझ्याभोवती जमल्या. एक म्हणाली, "ताई, ती क्लिप बघून आम्ही खूप हसलो होतो. मग पूर्ण गाणं ऐकलं. आता आमच्या हॉस्टेलवर हे रोज लागतं. हे आमचं गाणं आहे."

परतताना गाडीत मी हे सांगितलं. कोऱ्हाळ्याचा मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. "माझं गाणं पान्याचं होतं," तो म्हणाला. "माझी आई ऐकत न्हाय आता. म्हणती, लोक माझ्यावर हसत्यात."

हे ऐकून त्याच्यावरचा माझा संशय मिटायला हवा होता. अर्धा मिटला. पण उरलेला अर्धा म्हणत होता की, गाणं त्याचं, नावही त्याचंच होतंय, मुलाखती त्याच्याच होतायत. ठरवून केलं असतं तर याहून वेगळं काय झालं असतं? मग मी त्याच्या सगळ्या वागण्याकडं तसंच बघायला लागले. आम्हा चौघांत असं बोलणंच उरलं नाही की जे मी नंतर घरी जाऊन उलटसुलट करून पाहिलं नाही. कोण कुणाला वेगळं भेटलं, कुणाचा फोन कुणी बाहेर जाऊन घेतला. स्टेजवर मात्र आम्ही चांगले वाजायचो. पूर्वीपेक्षा चांगले. एकमेकांवर डोळा ठेवून वाजवलं की ताल चुकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

क्लिपला तिसरं वर्ष लागलं तेव्हा एका मुलाखतीत मला विचारलं, त्या क्लिपचं दुःख झालं होतं का? मी म्हटलं, "दुःख क्लिपचं नाही. ती आमच्याच कुणीतरी काढली, त्याचं आहे." ड्रमच्या मागून काढली होती, हेही मी सांगून टाकलं. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती.

पुढच्या प्रॅक्टिसला ड्रमवाला माझ्या आधी येऊन बसला होता. काठ्या मांडीवर, हात काठ्यांवर. बाकीचे दोघं येईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "माझं नाव घ्यायचं हुतं ना सरळ. असं का सांगितलंस?"

"मी नाव नाही घेतलं."

"डरमच्या मागं कोण बसतं? झांज कोणाची हाय?"

"मग तुझा भाऊ तिथं होता की नाही?"

"हुता."

"मग?"

तो उठला. "माझी भन बी बारावीला हाय. तिची अशी क्लिप मी फिरवली असती का?" आवाज चढला नव्हता. "तुझी फिरवीन, असं तुला तीन वर्सं वाटत हुतं? आन् तरी तू माझ्या गाडीवरनं डेपोला जात हुतीस?"

व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, "बस रे, मिटवू." कोऱ्हाळ्याचा मुलगा माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा दिसलं की त्याला कळलंय, मी त्याच्याविषयीही हेच धरून बसले होते. ड्रमवाल्यानं स्वतःच्या झांजा सोडवल्या, पोत्यात गुंडाळल्या आणि जिना उतरून गेला. बाकीचा ड्रम व्यापाऱ्याच्या मुलाचा होता, तो तिथंच राहिला. मला वाटलं, दोषी माणूसच असा निघून जातो. खरंच, त्या क्षणी मला हेच वाटलं.

त्याच्याशिवाय आम्ही सातआठ महिने काढले. लॅपटॉपवर ठेका लावून वाजवलं. ठेका बरोबर पडायचा, पण माझी ओळ अडखळली तर मागून ढकलायला कुणी नव्हतं. कार्यक्रम कमी झाले. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न करून दुकानात बसला, कोऱ्हाळ्याचा उसाच्या लागणीत अडकला, मला बारामतीतच एका ज्युनियर कॉलेजात नोकरी लागली. बँड मोडला असं कुणी म्हटलं नाही. कुणी फोन केला नाही, एवढंच.

अण्णा निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात त्यांच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती. "जुनं समदं काढून टाक," म्हणून त्यांनी तो माझ्याकडं दिला आणि स्वतः ओट्यावर शेंगा फोडत बसले. मी आत पंख्याखाली बसून सुप्रभातची फुलं, लग्नांचे व्हिडिओ, देवांचे फोटो पुसत चालले होते. मग एका व्हिडिओवर माझं बोट थांबलं. चार मिनिटं सहा सेकंद. माझी डावी बाजू, बेसचा दांडा, कोपऱ्यात अर्धी झांज.

मी तो लावला. पहिली ओळ आली, हसणं आलं, डॉक्टरवाला आवाज आला. क्लिप जिथं तुटायची तिथं हा व्हिडिओ तुटला नाही. फोन धरणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. आणि माझं तोंड पांढरं पडलं तेव्हा अगदी फोनच्या जवळून एक दबका आवाज आला, "म्हण. म्हण. थांबू नगंस." दुसरं कडवं सुरू झालं. फोन हलायला लागला. शेवटच्या टाळ्यांत तोच आवाज शेजारच्या कुणाला तरी म्हणाला, "माझी पोरगी हाय."

मी ओट्यावर गेले. फोन त्यांच्या पुढं धरला.

"अण्णा, हे तुम्ही काढलंय?"

त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले. "व्हय."

"तुम्हाला आत कुणी सोडलं?"

"ड्युटीवरनं तसाच आलो हुतो. अंगावर खाकी. कुणी इचारलंच न्हाय. त्यांला वाटलं कॉलेजनंच वॉचमन लावलाय."

"का आला होता?"

"प्रॅक्टिकल हाय म्हणलीस, तवाच तोंडावरनं कळलं. म्हटलं, कुठं जाती बघावं. वढून घरी आनायला आलो हुतो." त्यांनी ताटली बाजूला सारली. "मग तू गायला लागलीस."

"कुणाला पाठवला?"

"एकालाच. गेटवर माझ्याबरूबर हुता त्येला. त्येची बी पोरगी गाती, म्हनून. म्हटलं, बघ माझी." त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "दुसऱ्या दिवशी तुकडा पाडलेला मलाच आला. माझाच व्हिडिओ, पाच मानसांनी मला पाठिवला. खाली हसनारी चित्रं. तवा कळलं काय झालं ते."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"कसं सांगनार? तुझा समदा संशय त्या पोरांवर हुता, दिसत हुतं मला. माझ्याकडं वळलं आसतं तर तू घर सोडलं असतंस."

"त्या ड्रमवाल्याला मी बँडमधून घालवलं, अण्णा."

"ते मला म्हाईत नव्हतं," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांच्याकडूनच शिकले होते तसं, सावकाश. मला काहीच वाचता आलं नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं की होतं, हे मला आजही सांगता येत नाही. आई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, ताटली उचलली आणि आत गेली.

ड्रमवाला कुठं सापडेल हे त्याच्या आईनं फोनवर सांगितलं, इंदापूरला एका कार्यालयात लग्न आहे, दुपारची वरात वाजवतोय. मी एसटीनं गेले. कार्यालयाबाहेर रस्त्यावर त्यांची गाडी उभी होती. वर मोठमोठे स्पीकर, आणि त्यांच्यामध्ये तो ऑक्टापॅड वाजवत बसलेला, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. नवरदेव आत गेला, पोरं नाचून दमली, तेव्हा तो खाली उतरला. मला बघून पाण्याची बाटली उघडली आणि पीत राहिला.

"क्लिप अण्णांनी काढली होती," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी."

त्यानं बाटली खाली केली. "कोण?"

मी सगळं सांगितलं. खाकी, कनात, गेटवरचा माणूस. तो रस्त्याच्या पलीकडं बघत ऐकत होता. मला वाटलं हसेल, नाहीतर शिव्या देईल.

"आता मला का सांगतीस?" तो म्हणाला.

"माझं चुकलं म्हणून."

"ते मला तवाच म्हाईत हुतं. मला कशाला सांगायला आलीस? ज्यांच्यापुढं बोललीस त्यांला सांग. पुण्यात दोन बँडवाल्यांनी मला बोलवून मग नको म्हनून कळिवलं. म्हनले, पोरगी हाय आमच्या बँडमधी." तो गाडीवर चढायला लागला. मग वळला. "तुझ्या बाला सांग, शूटिंग चांगलं आलं हुतं. झांज मधी आली, तेवढंच."

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं की मला हे लिहून टाकावं लागणार आहे. बँडचं पान अजून होतं, त्यावर. "त्यात तुमचं नाव येईल," मी म्हटलं. "गावात लोक बोलतील."

"बोलू देत. घाल," ते म्हणाले. "आन् त्यो पुरा व्हिडिओ बी घाल. तुकडा नगं."

मी घातला. ड्रमवाल्याचं यात काही नव्हतं आणि मी तीन वर्षं खोटं धरून बसले होते, हे स्पष्ट शब्दांत लिहिलं. लोकांनी त्याच्याविषयी फारसं विचारलं नाही. बहुतेकांनी अण्णांचा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलं. ज्याच्यासाठी लिहिलं तो बाजूलाच राहिला, म्हणून मी प्रत्येकाच्या खाली पुन्हा त्याचंच लिहीत बसले. त्यानं स्वतः काहीच लिहिलं नाही.

पाच महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. कोऱ्हाळ्याच्या मुलानं त्याला बोलावलं होतं, गोठ्याशेजारच्या त्याच्या नव्या खोलीत. "मी येतो," तो म्हणाला, "पन ते गानं मी वाजवनार न्हाय. कवाच न्हाय." मी कबूल झाले.

आता आम्ही तिघं महिन्यातून एकदोनदा तिथं जमतो. कार्यक्रम कमीच, बारामतीत दोन झाले, सासवडला एक. ड्रमवाला लग्नसराईत येत नाही. मला एसटीला सोडतो, पण गाडीवर आम्ही पूर्वीसारखं बोलत नाही, आणि ते का याचा मी आता उलगडा करत बसत नाही. निदान प्रयत्न तरी करते.

कोऱ्हाळ्याच्या मुलाला मी मागच्या महिन्यात एकदाचं विचारलं, "त्या वेळी तुझा घसा खरंच बसला होता?"

तो गिटारच्या तारा पुसत होता. "बसला हुता म्हणून तर तुला म्हनाय लावलं."

"सकाळी कँटीनमध्ये ओरडत होतास."

"वरडूनच बसला आसंल," तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्याचं काय करायचं हे मला ठरवता आलं नाही. त्यानं वहीतलं नवीन पान माझ्यापुढं सरकवलं, विहिरीतल्या मोटारीवरचं गाणं आहे. मी ते घेतलं आणि एकेक शब्दावर बोट ठेवून, दोन अर्थ कुठं होतात का ते बघत, सावकाश वाचायला लागले. ड्रमवाला काठ्या हातात धरून थांबला होता.

"वाच, वाच," तो म्हणाला. "आमी हाय हितंच."